ग्राऊंडवर आलेलं फुंकायचं मशीन

ग्राऊंडच्या बाकावर धूळ बसते, तसे किस्से साठतात. सकाळी पुसा, संध्याकाळी पुन्हा तेवढेच. मी इथला वॉचमन. सहाला गेट उघडायचं, त्याआधी सगळं ग्राऊंड झाडायचं. वीस वर्षांत एक खाडा नाही.

* * *

एका दुष्काळात ग्राऊंडशेजारी बायपासचं काम निघालं. पाणी टँकरचं, माझ्या वाट्याला दिवसाला एक बादली. तेव्हा एक डॉक्टरबाई मशीन घेऊन आल्या. धावणाऱ्यांनी त्यात फुंकायचं. श्वासनळीला आतून सूज असली की आकडा चढतो. सुई नाही, चिरफाड नाही, नुसत्या श्वासावर आतलं कळतं! मी मशीनला हात जोडले.

* * *

पहिले कडूबा, एसटीचे रिटायर ड्रायव्हर. असे फुंकले की मशीननं घेतलंच नाही.

"काका, सावकाश. दहा सेकंद."

"बाई, जन्मभर घाटात हॉर्न वाजवलाय. सावकाश जमत नाय!"

* * *

सलीमभाई टेलरांचा आकडा एकदम वर.

"चाचा, सकाळी पालक खाल्ला?"

"गेटवर पालकाचा रस घेतला."

"त्यानंही चढतो. उद्या उपाशी या."

सलीमभाई मशीनकडं बघतच राहिले. "तीस बरस में मेरी बीवी को नहीं समझा, मैं बाहर क्या खाता!"

* * *

रुक्मिण मेंढपाळाची पोर, कन्नड तालुक्याकडची. पोलीस भरतीसाठी बायपासच्या कडेनं धावायची. शेवटच्या फेरीत छाती धरून बसायची. बाई म्हणाल्या, "सूज उतरली नाही तर भरतीत दम पुरणार नाही. रस्त्यावरची धूळ सोड, ग्राऊंडवर धाव."

आठवड्यानं आकडा आणखी वर! भरतीला महिना राहिलेला. पोर रडकुंडीला आली.

बाईंनी मशीन माझ्यापुढं धरलं. "बाबा, तुम्ही फुंका."

सगळ्यांत मोठा आकडा माझा निघाला. बाईंनी माझ्या झाडूकडं बघितलं, मग हवेत तरंगणाऱ्या धुळीकडं.

मी झाडू खाली ठेवला.

* * *

दुसऱ्या दिवसापासून पोरं गेल्यावर झाडू लागलो.

भरतीच्या आधी रुक्मिणनं फुंकलं. आकडा उतरला होता! शेवटची फेरीही ती न थांबता धावली होती.

"बाबा, झाडायची वेळ बदलली ते कळलं. आणखी काय बदललं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही."

रुक्मिण लांबूनच ओरडली, "मॅडम, बाबांच्या लई जवळ जाऊ नका! पंधरा दिस झालं, त्यांची आंघोळ नाय. अन् ग्राऊंडच्या वळणावरची माती बघा, रोज ओली!"