झोपाळ्यावरचा पुठ्ठा

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत समोरच्याच फ्लॅटमध्ये एक आयटीवाला राहतो. काहीही विचारा, "तसं हो, पण तसं नाहीही" हेच उत्तर. भाजीवाल्याने कोथिंबीर देऊ का विचारलं तरी तेच!

परवा बघते तर काय, हा गॅलरीतल्या झोपाळ्यावर बसून मांडीवर दुमडलेला पुठ्ठा उघडून त्यावर बोटं आपटतोय! शेजारी त्याचे वडील. त्यांना हल्ली काही आठवत नाही. मुलाला चिकटून बसले तरच शांत असतात, एरवी गुपचूप जिना उतरून रस्त्याला लागतात. म्हटलं, आता मुलाचंही बिनसलं की काय!

"अरे, हे काय रे?"

"काकू, घरून काम करायला लॅपटॉप घ्यायचाय, त्याची मापं आहेत ही. या आडव्या स्क्रीनवर दोन कामं शेजारी शेजारी मावतात, पण कोपर बाबांना लागतं. हा दुसरा अरुंद आणि उंच. कुठला घेऊ?"

"अरुंद घे की!"

"तसं हो, पण..."

मग दोन्ही पुठ्ठे पिशवीत घालून, वडिलांना शेजारी बसवून, आठवडाभर बसमधून कुठला मावतो ते बघत हिंडला. शेवटी अरुंदच घेतला. चार बोटं जागा सुटली, तर वडील तेवढेच सरकून आणखी चिकटले!

"काकू, चुकलं का हो माझं?"

मला तरी काय कळतंय! "तसं हो, पण तसं नाहीही," माझ्याच तोंडून गेलं.

तो हसला. वडिलांकडचा हात त्याने त्यांच्या हातात दिला आणि दुसऱ्या हाताने टाइप करू लागला.