वीतभर रुंदी

बोटींच्या कारखान्यात सगळे त्याला रेघवाला म्हणत. कागदावरची बोट माडीच्या लाकडी जमिनीवर पूर्ण मापात आखायची, लवचिक पट्टी खिळ्यांनी धरून वळणं काढायची, त्यावरून सुतारांना साचे कापून द्यायचे, हे त्याचं तीस वर्षांचं काम. त्याची रेघ कुणी पुन्हा मोजत नसे. तिथंच घात झाला.

गेल्या वर्षी एक मोटरबोट आखताना त्याला कळलं, की ही कारखान्याच्या दारातून बाहेरच निघणार नाही. नकाशा काढणाऱ्याला दाराचं माप त्यानंच आठवणीवरून कळवलं होतं. मधे दाराला पोलादी चौकट बसून ते अरुंद झालं, हे तो विसरलाच. सांगायची लाज वाटली. त्यानं खिळे उपटले, दोन्ही बाजूंच्या रेघा आत सरकवल्या आणि जुनी भोकं मेणानं बुजवली. सगळी मिळून वीतभर रुंदी गेली. वीतभरानं काय होतंय!

बोट पळाली झकास. अंग बारीक, पाणी कमी सारावं लागे. कारखान्याच्या मालकानं पाठ थोपटली. पण वरची केबिन होती तेवढीच उंच होती. आडवी लाट आली की बोट कलायची आणि सरळ व्हायचं नावच घ्यायची नाही. अशाच एका लाटेला कारखान्यातर्फे तिचं इंजिन सांभाळणारे त्याचे दाजी जिन्यावरून कोसळले. मनगट मोडलं. मालक म्हणाला, प्यायलेला असणार, आणि त्यांना घरी बसवलं. दाजी उभ्या जन्मात थेंबाला शिवले नव्हते.

रविवारी तो बहिणीकडे गेला.

"या, रेघवाले," दाजी म्हणाले. "बेवड्याच्या घरचा चहा चालेल ना?"

"काहीतरीच तुमचं!" बहीण करवादली. "दादा, तू बोल ना मालकाशी. तुझं ऐकतो तो."

"कशाला? माझेच पाय गेले असतील," दाजी प्लास्टरकडे बघत म्हणाले. "वय झालं. पूर्वी असा तोल जायचा नाही."

त्यानं कप खाली ठेवला. त्याच साच्यांवर दुसरी बोट उद्या सुरू होणार होती.

"दाजी, उद्या सकाळी कारखान्यात या," तो कसंबसं म्हणाला.

सकाळी मालक आणि दाजी माडीवर उभे असताना तो गुडघ्यांवर बसला आणि खिळ्याच्या टोकानं एकेका भोकातलं मेण उकरू लागला. खऱ्या रेघेची भोकं उघडी पडत गेली. मालकानं खाली वाकून दोन्ही बाजूंचं अंतर मोजलं.

"दाराचं काय?" मालकानं विचारलं.

"चौकट तोडावी लागेल. आणि ती पहिली बोट परत बोलवावी लागेल."

दाजी आता शिव्या घालतील म्हणून तो मान खाली घालून थांबला. दाजींनी नुसता एक पाय उचलला आणि फळ्यांवर दाणकन आपटला. मग दुसरा.

"म्हणजे पाय शाबूत आहेत माझे," ते म्हणाले, आणि हसले.

त्याला वर बघवेना. तो मेण उकरत राहिला.