मंजुरीच्या आधीचा पंप

परवा पेपरात वाचलं, काही देशांत म्हणे कायदाच केलाय: डॉक्टरनं लिहिलेलं औषध विमा कंपनीनं आधी मंजुरी घ्यायला न लावता द्यायचं. वाचून बरं वाटायला हवं होतं. मला माझा चुलतभाऊ आठवला आणि तीसेक वर्षांपूर्वीची जळजळ पुन्हा वर आली.

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. बीडला कॉलेज केलं, सरकारी खात्यात कारकून झालो. चुलतभाऊ दहावीला दोनदा बसला, दोनदा आपटला आणि औरंगाबादकडच्या एका नव्या कारखान्यात मशीनवर गेला. लोकांपुढं मी म्हणायचो, त्याचं वाईट वाटतं. खरं तर बरं वाटायचं.

माझी आई आणि काकू, म्हणजे त्याची आई, दोघी जावा, दोघींना दमा. डॉक्टरनं दोघींना एकच पंप लिहून दिला, तोंडात धरून ओढायचा. भावाच्या कंपनीनं कामगारांच्या घरच्यांचाही विमा उतरवलेला. बीडच्या ठरलेल्या दुकानात त्यानं कार्ड दाखवलं की पंप हातात. माझ्या खात्यात आधी मंजुरी, मग औषध. पहिला पंप मी पदरचा घेतला. तो संपल्यावर हटून बसलो. हक्काचं आहे, हक्कानंच घेणार. अर्ज गेला, परत आला. आई माझ्यावर अवलंबून आहे याचा दाखला जोडा. जोडला. मग साहेब रजेवर. इकडं आई उशीला टेकून बसल्या बसल्या झोपायची.

दिवाळीत भाऊ मांजरसुंब्याच्या फाट्यावर उतरून घरी आला, खिशातून जास्तीचा पंप काढून माझ्यापुढं धरला. मी म्हणालो, आमचं आम्ही बघू. तो हसला.

"दादा, मग मोठ्या आईला सांग, दम लागायच्या पंधरा दिस आधी अर्ज देत जा म्हणावं."

सगळे हसले. आईसुद्धा. ते हसणं मला लई दिवस पुरलं.

संक्रांतीनंतर मंजुरी आली. पंप घेऊन घरी गेलो. आईला ओसरीवर बसवलं, काकूलाही मुद्दाम हाक मारली. पंपाच्या खोक्यातला कागद उलगडला; कसा ओढायचा ते वाचून दाखवणार होतो. पहिला पंप आईनं कधी नीट ओढलाच नव्हता, अर्धं औषध तोंडाबाहेर जायचं. मी चष्मा पुसतोय तोवर तिनं टोपण काढलं, पंप हलवला, श्वास सोडला, दाबून ओढला आणि ओठ मिटून बोटांवर दहा मोजले.

"कुणी शिकवलं?"

"त्येनंच," आई म्हणाली. "तू न्हाई म्हणलास. त्येनं तो काकूपाशी ठिवला, मला वापरायला."

काकू खाली बघत म्हणाली, "तुला सांगू नका म्हणला. दादा लई शिकलाय, त्याला वाईट वाटंल म्हणला."

म्हणजे त्याला माझं वाईट वाटत होतं. दहावी नापासाला. आईचा श्वास सगळा हिवाळा त्याच्या कार्डावर चालला होता आणि मी दाखले जोडत होतो.

आईनं नवा पंप काकूपुढं धरला. "तुझा संपत आलाय, हा घे."

"तो तुझ्या नावावर मंजूर झालाय," मी म्हणालो.

दोघींनी माझ्याकडं बघितलं. काकूनं हात मागं घेतला.