पाडव्याच्या सकाळी कडुनिंबाखाली सापडलेले सेक्रेटरी

मंडळी, हे सांगितल्याशिवाय आज मला श्रीखंड गोड लागायचं नाही.

मावला गावातल्या आमच्या कॉलनीतला कडुनिंब आपल्या गाडीवर कचरा पाडतो, म्हणून कॉलनीचे सेक्रेटरी राव तो उद्या तोडणार होते. आम्ही भांडून थकलो होतो.

सकाळी गुढीसाठी डहाळी आणायला गेले, तर हेच महाशय झाडाखाली पिशवी घेऊन उभे. आज त्यांची उगादी, म्हणजे तेलुगू पाडवा. सणाच्या आंबट-गोड-कडू पचडीत कडुनिंबाची फुलं लागतात आणि यांचा हात पुरत नव्हता.

"अक्का, जरा फांदी वाकवा ना," मला म्हणाले.

शेजारच्या कमलाबाई मागेच होत्या. "काऊन जी? पुढच्या साली पचडीत गाडीचं ऑइल टाकसान काय?"

मी काठीने फांदी वाकवली, पण त्यांच्या डोक्यावर हातभर उंच धरली. "आधी झाड तोडणाऱ्याला फोन करा. इथूनच." आधी काम, मग खाऊ; शाळेत कॉन्व्हेंटच्या सिस्टरांकडून मी एवढं तर शिकलेच आहे.

रावांनी फोन केला, नको म्हणून सांगितलं, गाडीही पलीकडे लावली. आत्ताच त्यांच्या घरून पचडीची वाटी आली. झकास झाली आहे.

ज्याच्याशिवाय आपला सण होत नाही, असं झाड तुमच्याही गल्लीत कुणाला खुपतंय का?