पेशकारांचा पाहुणचार

आमच्या शेजारच्या पेशकारकाकांइतका अदबशीर माणूस जालन्यातच काय, अख्ख्या निजामाच्या राज्यात दुसरा झाला नसेल. तहसील कचेरीत साहेबांपुढं कागद ठेवता ठेवता त्यांची कंबर जी वाकली, ती घरी आल्यावरही सरळ होत नसे. रस्त्यात गाय बसलेली दिसली की वळसा घालून जायचे, पण तिला उठवायचे नाहीत. दारी आलेल्याच्या कानात अत्तराचा फाया ठेवल्याशिवाय त्याच्याशी बोलायचे नाहीत, मग तो व्याही असो की दूधवाला. एकदा त्यांच्या पाठीवरचं गळू फोडायला डॉक्टर आले, तर ठणकत्या पाठीनं उठून यांनी आधी डॉक्टरांना खसचं अत्तर लावलं आणि मगच पालथे झाले.

अशा माणसानं मांजर पाळलं. तिला ते ‘बेगमसाहेब’ म्हणायचे आणि अहोजाहो करायचे. गल्लीतल्या कुत्र्यांच्या धाकानं तिला बाहेर सोडत नसत. तिच्या सोयीसाठी न्हाणीजवळ राखेचं घमेलं ठेवलेलं असे. पण बेगमसाहेब ते घमेलं सोडून घरभर मुतायच्या. काकांच्या शेरवानीवर, गादीवर, एकदा तर काकूंच्या भावाच्या पागोट्यात. मी म्हटलं, “काका, दोन रट्टे द्या की.”

काका कळवळले. “बिलकुल न्हाई. आपलीच खातिरदारी कमी पडून राह्यली.”

आणि ते घमेल्याची बडदास्त वाढवत गेले. राख वस्त्रगाळ केली, घमेलं घासून लख्ख केलं, जागा तीनदा बदलली. तशा बेगमसाहेब त्या घमेल्याकडं ढुंकूनही बघेनाशा झाल्या.

शेवटी तिनं काकूंचं सोवळं भिजवलं. काकू एरवी गरीब, पण सोवळ्याच्या बाबतीत त्या कुणाच्या ऐकण्यातल्या नव्हत्या. “आजच्या आज हिला नदीपल्याड सोडा, न्हाई तर मी चालले भावाकडं!”

काका जेवले नाहीत. भर दुपारी तिला टोपलीत घालून आम्ही दोघं कुंडलिकेपलीकडं गेलो. झाकण उघडून काका तिला म्हणाले, “माफी असावी. आमच्याकडं तुमची सोय झाली न्हाई.” ती बाभळींत शिरली आणि दिसेनाशी झाली. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं.

परत आलो तर काकू घमेलं रिकामं करत होत्या. त्यांनी नाकाला पदर लावला. “अहो, राखेला खसचा वास कशाचा?”

“रोज ताजं टाकत होतो,” काका म्हणाले. “पाहुण्यांसाठी ठेवलेलं, अस्सल.”

काकूंनी घमेलं खाली ठेवलं. “अहो, जनावर ते! एवढ्या वासात पाय तरी ठेवील का?”

मग काकूंनीच वाटीत दूध ओतलं आणि आमच्या आधी बाहेर पडल्या. नदीवर काकूच काट्यांत शिरून हाका मारत होत्या, “ये गं बाई, ये. न्हाई रागवत.” ती आली नाही. त्या दिवशी नाही आणि पुढं महिनाभर रोज गेलो तेव्हाही नाही.

येताना एकदाच काका मला म्हणाले, “तक्रार तर बेगमसाहेब रोज करून राह्यल्त्या. मलाच समजली न्हाई.” काकू पुढं चालत होत्या, दूध सांडू नये म्हणून वाटीवर हात धरून.