वैशाख पुनवेचं माहेर

आमच्या घरात वैशाख पुनव म्हणजे लेकी माहेरी येण्याचा दिवस. तो सुरू झाला आईच्या हट्टापायी.

वडील नागपूरहून दीक्षा घेऊन आले आणि घरातले सगळे सण एका झटक्यात बंद झाले. देव नदीत गेले. त्याचं आईला फारसं काही वाटलं नाही. त्या देवांनी आम्हाला कधी देवळाची पायरीही चढू दिली नव्हती. तिला घोर होता वेगळाच. माझ्या थोरल्या बहिणीचं त्याच उन्हाळ्यात लग्न झालेलं. पहिल्या दिवाळीला लेक येणार, तर दिवाळीच गेली. मग संक्रांत गेली, अक्षय्य तृतीयेची अखाजी गेली. बहिणीच्या सासऱ्यांनीही दीक्षा घेतलेली, आणि ते तर वडिलांपेक्षाही कडक. सणाचं निमित्त त्यांच्यापुढे काढायची सोय नव्हती.

"सण सोडले ते बरंच केलं," आई एक दिवस म्हणाली, "पन मले सांगा, पोरीले आनाव कोन्या दिवशी?"

वडील कशावरही तासभर बोलू शकत. तेव्हा मात्र उठून बाहेर निघून गेले. संध्याकाळी म्हणाले, "वैशाख पुनवेले. बुद्धाचा जन्म त्याच दिवशीचा, ज्ञान त्याच दिवशी झालं, महापरिनिर्वाणही त्याच दिवशी."

"तिन्ही एकाच दिवशी? मंग तं हा दिवाळीपक्षा मोठा दिवस झाला."

पुनवेला वडील मागून आणलेला छकडा घेऊन पहाटेच निघाले. आईने घर सारवलं, खीर केली. उन्हं कलल्यावर आम्ही दोघी बहिणीच्या सासरच्या, नेरच्या रस्त्यावर जाऊन उभ्या राहिलो. छकडा दिसला. वडील मान खाली घालून हाकत होते. मागे बहीण एकटीच बसलेली, पांढऱ्याशुभ्र लुगड्यात. जावयांचा पत्ता नाही.

आमच्याकडे पांढरं लुगडं विधवेचं. आई मटकन खालीच बसली. मी घाबरून रडू लागले.

छकडा जवळ आला. बहिणीच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. नाल्यावर पाय धुवायला उतरलेले जावई मागून लगबगीने येत होते, तेही पांढऱ्या कपड्यांत. त्या दिवशी सगळ्यांनीच पांढरं घालायचं असतं, एवढं एकच सांगायचं वडील विसरले होते.

"काय झालं व माय?" बहिणीने विचारलं.

आईने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जावयाशी दाराआडूनच बोलणारी ती बाई उघड्या डोक्याने पुढे गेली, त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.