बसून करायचं काम

नाव विचारण्याआधी माई समोरच्या बाईच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघत. चाकणच्या कंपनीत, गाड्यांच्या वायरी जोडण्याच्या लाइनवर, माझं स्वागतही तसंच झालं. "रगत न्हाई गं पोरी अंगात. कुठली तू?" मी परभणीकडची. आईपासून इतक्या लांब आलेली, की त्या खरबरीत बोटाच्या स्पर्शानेही मला रडू फुटलं.

माई आमच्या लाइन लीडर, जवळच्याच गावातल्या. कुणी उपाशी कामाला उभं राहिलेलं त्यांना खपत नसे. "पोटात न्हाई तर हातात कुठनं येनार?" म्हणत आपली बाजरीची भाकरी मोडून देत. एकदा एक मुलगी चक्कर येऊन पडली, तर माईंनी तिला सुपरवायझरच्या खुर्चीवर बसवलं आणि साहेब जेवणाच्या सुट्टीपर्यंत मुकाट उभे राहिले.

मला दिवस गेल्याचं मी नवऱ्यानंतर माईंनाच सांगितलं. पाचव्या महिन्यात दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त फार कमी आहे, बाळ हवं तसं वाढत नाही; गोळ्या चुकवू नका, नीट जेवा आणि दिवसभर उभं राहणं बंद करा. कंपनीत जोडलेल्या वायरी तपासायच्या टेबलावरची, बसून करायच्या कामाची जागा तेव्हा रिकामी होणार होती.

"तू तोंड उघडू नको," माई म्हणाल्या. "सायबाशी मी बोलते. जागा तुझीच."

मी तोंड उघडलं नाही. पाय सुजून बुटात मावेनात, तरी उभी राहिले. विचारलं की माई म्हणत, "व्हतंय, व्हतंय." मग एका सोमवारी त्या टेबलावर माईंची सून बसलेली दिसली. तीही गरोदर होती. "तात्पुरतं हाय," माई म्हणाल्या. मी त्यावरही विश्वास ठेवला.

मुलगी आठव्या महिन्यातच झाली, जेमतेम दीड किलोची. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. मी बाहेरून नुसती बघत बसायची. एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रक्त कमी, खाणं कमी, विश्रांती नाही. सगळं मिळून होतं.

ती घरी आल्यावर मी राजीनामा द्यायला गेले. सुपरवायझर म्हणाले, "टेबल तुम्हालाच देणार होतो. पण तुम्हीच म्हणालात ना, उभ्यानंच बरं वाटतं? माईंनी तसं सांगितलं."

मी तडक लाइनवर गेले. "माई, का?"

"सुनेची दोन पोटातच गेली व्हती गं. जागा येकच व्हती."

"मग मला तसं सांगायचं. मी आईकडे निघून गेले असते."

माई पुन्हा वायरींकडे वळल्या. सुनेला जागा दिली, हे मी केव्हाच समजून घेतलं. पण मी न बोललेलं वाक्य त्यांनी माझ्या तोंडी घातलं आणि मला आशेवर ठेवलं, ते आजही गिळवत नाही.

गेल्या वर्षी चिंचवडच्या भाजीबाजारात त्या दिसल्या. सोबत नातू, चांगला गुटगुटीत. माझी मुलगी बारीक, पण काटक आहे. आता शाळेत जाते. माईंचा हात तिच्या गालाकडे आला.

"आई, ह्या कोण?"

"कंपनीत होत्या," मी म्हणाले आणि तिला दुसऱ्या बाजूला घेतलं.

थोडं पुढे गेल्यावर तिने विचारलं, "त्या आजी रडत होत्या का?"

भाजी न घेताच आम्ही घरी आलो.